मी फक्त जरासा ढिला केला

रायपूरजवळ उरला इथल्या रोलिंग मिलमध्ये मी अठ्ठावीस वर्षं आहे, आणि या अठ्ठावीस वर्षांत माझ्या शिफ्टमध्ये कुणाचं नखसुद्धा तुटलेलं नाही. जे काही राहून गेलं होतं ते मी एका दुपारी, भर समुद्रात, पोटच्या पोरीवर भरून काढलं.

पोरीचं नाव प्रज्ञा. विशाखापट्टणमच्या बंदरात इंजिनियर आहे. आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध म्हणजे उन्हाळ्यात टँकर आल्यावर बादल्या घेऊन धावणं, तेवढाच. वडील गोंदियाकडून रेल्वेत लागून रायपूरला आले, मी लोखंडात शिरलो, आणि ही पोट्टी सुट्टीच्या दिवशी शिडाच्या बोटीतून शर्यती खेळायला लागली! मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. (रायपुरात वाढलेल्या पोरांचं हे असंच. आपण मराठीत रागवायचं, त्यांनी हिंदीत उलट बोलायचं, दोघांचंही समाधान होतं.)

एप्रिलच्या शेवटी मी चार दिवस तिच्याकडे गेलो होतो. बायकोने, शोभाने, सोबत चार पुडांचा स्टीलचा डबा दिला होता, गोल बाजारातून खास त्यासाठी आणलेला. शनिवारी संध्याकाळी प्रज्ञाचा फोन वाजला. बोलता बोलता तिचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी शर्यत होती, बोटीवर नियमाने तीन माणसं लागत होती, आणि तिसरा माणूस तापाने फणफणला होता. फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बाबा, आप चलोगे?”

“मी? मले काय येते त्यातलं?”

“कुछ नहीं आता, इसीलिए तो पूछ रही हूँ. जिनको आता है वो अपनी चलाते हैं. आपको बस बैठना है.”

“हव,” मी म्हणालो. “बसणं जमते मले.”

शोभाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अवो, तळ्याच्या पायरीवर उभं राहाले घाबरता तुम्ही! अन् समुद्रात काहून जाऊन राहिले?”

“पोरीले गरज आहे.”

“पोरीले माणसाची गरज आहे,” शोभा म्हणाली, “तुमची नाई.”

ही बाई शाळा मध्येच सोडावी लागली म्हणून घरी राहिली. नाहीतर आज न्यायाधीश असती.

पहाटे बंदरावर गेलो. बोट तीस फुटांची, पांढरी, माझ्या कल्पनेपेक्षा फारच अरुंद. प्रज्ञाचा शर्यतीतला जोडीदार थॉमस पुढे दोऱ्या लावत होता. उंच, केरळचा, कमी बोलणारा माणूस. त्याने मला फुगीर जाकीट घातलं, छातीला पट्टा लावला आणि पट्ट्याचं दुसरं टोक बोटीच्या कडीत अडकवलं. “अंकल, ये कभी नहीं खोलना,” एवढंच बोलला. मी म्हटलं, सेफ्टीबद्दल मला सांगतोस? मिलमध्ये मीच तर शिकवतो हे! खरंच म्हणालो मी तसं. आजही आठवलं की कान गरम होतात.

शर्यत अशी होती: किनाऱ्यापासून तिरकं बाहेर जायचं, तीसेक किलोमीटरवर टाकलेल्या नारिंगी पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. जाताना वारा समोरून. बोट एका अंगावर कललेली, तोंडावर खारं पाणी सपासप, आणि पाच तास सतत वर-खाली. शोभाच्या डब्यातल्या चारही पुडांचं मला दोनदा दर्शन झालं, एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना. प्रज्ञा मागे सुकाणूचा लांब दांडा धरून बसली होती. तिने एका हाताने माझी कॉलर धरली, दुसऱ्या हाताने बोट चालवली, आणि मला म्हणाली, “बाबा, दूसरी साइड से करो. हवा इधर की है.” उलटीची बाजूसुद्धा वाऱ्याला विचारून ठरवायची, हे मला त्या दिवशी कळलं. जरा उशिरा कळलं. माझ्या शर्टाला विचारा.

पिंपाला वळसा घातला आणि चमत्कार झाला. सगळं शांत! वारा तोंडावरचा गेला, पाणी उडायचं थांबलं, ऊन अंगाला लागायला लागलं.

“थांबला का वारा?” मी विचारलं.

“थमा नहीं बाबा, और बढ़ गया है. हम उसी के साथ भाग रहे हैं, इसलिए पता नहीं चल रहा.”

मी मागे वळून पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. मागून लाटा येत होत्या, माणसापेक्षा उंच, टोकाला पांढऱ्या. एकेक लाट बोटीचा मागचा भाग उचलायची, बोट पुढच्या तोंडाने उतारावरून घसरायची, आणि घसरताना एका बाजूला पळायला बघायची. प्रत्येक वेळी प्रज्ञा दांडा थोडा आधीच दाबून तिला सरळ आणायची. जणू ट्रक उतारावर ब्रेकशिवाय सोडलाय आणि ही त्याला बोटावर खेळवतेय. पुढे फक्त एक बोट होती. आम्ही दुसरे! पुढच्या वर्षी अंदमानपर्यंत जाणाऱ्या मोठ्या बोटीवर तिची जागा जवळपास ठरली होती, ही शर्यत नीट झाली की पक्कीच. ती हसत होती. दहावीचा निकाल लागला तेव्हाही इतकी हसली नव्हती.

आता त्या दोराबद्दल. वारा मागून असला की मोठं शीड पार बाजूला सोडतात. त्या शिडाच्या खालच्या कडेला एक लांब, जड अॅल्युमिनियमचा दांडा असतो. त्याला ही मंडळी बूम म्हणतात. बोट जरा वाकडी झाली आणि वारा शिडाच्या उलट्या अंगाला लागला, तर तो बूम डोळ्याची पापणी लवायच्या आत या बाजूचा त्या बाजूला येतो. मध्ये काय आहे ते बघत नाही. म्हणून त्याला पुढच्या बाजूने ताणून एका लाल दोराने बांधून ठेवतात. दोराचं टोक माझ्या गुडघ्यापाशी खुंटीला गुंडाळलेलं होतं. हे सगळं प्रज्ञाने मला नीट समजावलं होतं. वर म्हणाली होती, “बाबा, लाल रस्सी को हाथ नहीं लगाना.”

मला समजलंही होतं. हेच वाईट आहे. न समजता केलं असतं तर आज सांगायला तोंड राहिलं असतं.

तो दोर कुरकुरत होता. लाट आली की तारेसारखा ताठ, आणि खुंटीपाशी किर्र किर्र. अठ्ठावीस वर्षं मी क्रेनचे दोर ऐकलेत. असा आवाज आला की मी काम थांबवतो, ताण कमी करतो, मग चौकशी करतो. शिफ्टमधली पोरं मला भैया म्हणतात; म्हणे, भैयाच्या कानाला दोर बोलतात.

“प्रज्ञा, हा दोर लय ताणून राहिला.”

“तनना ही चाहिए, बाबा.”

“तुटन ना तो!”

“नहीं टूटेगा.” तिची नजर लाटांवर.

पाच मिनिटं मी गप्प बसलो. (माझ्या मानाने हा विक्रम आहे.) दोर पुन्हा बोलला. मी म्हटलं, पोरगी लहान आहे, कामात आहे. आपण अनुभवी माणूस. काढायचा नाही. फक्त जरासा ढिला करू!

खुंटीवरचा एक वेढा काढला. काही नाही. दुसरा काढला. तिसऱ्याला हात लावला आणि दोर माझ्या तळहातांची कातडी घेऊन निघून गेला.

त्यानंतर दोन क्षण काहीच झालं नाही. मला आठवतं, त्या दोन क्षणांत मी मनात म्हणालो, “पाहा! उगाच भेव दाखवतात.”

मग मागून लाट आली. बोट वाकडी झाली. “बाबा, नीचे!” अशी किंकाळी ऐकू आली, आणि प्रज्ञाने सुकाणू सोडून माझ्या गुडघ्यांवर लाथ मारली. मी आडवा पडलो. माझं डोकं जिथे होतं तिथून तो बूम गेला. दोर बघायला मी उठून उभा राहिलो होतो. ती मला पाडायला अर्धी उठली होती. मला लागायचं ते तिच्या डाव्या खांद्याला लागलं.

तो आवाज मी सांगणार नाही. मिलमध्ये तसा आवाज अठ्ठावीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि त्याचाच मला अभिमान होता.

ती बोटीबाहेर गेली. छातीच्या पट्ट्यामुळे पूर्ण गेली नाही. कमरेपासून खाली पाण्यात, आणि बोट आडवी झालेली, शीड पाण्याला टेकलेलं. थॉमस पुढून ओरडत, रांगत आला. आम्ही दोघांनी तिला ओढलं. माझे हात सोललेले, रक्ताने निसरडे, पट्टा हातातून सुटत होता. मी दातांनी धरला. (पुढचा एक दात अजून हलतो. डॉक्टर म्हणतात काढून टाकू. मी म्हणतो राहू द्या.) ती आत आली तेव्हा डावा हात असा लोंबत होता की तो तिचा वाटत नव्हता.

थॉमसने मोठं शीड खाली पाडलं. बोट सरळ झाली. त्याने इंजिन चालू केलं. इंजिनने एक आचका दिला आणि बंद पडलं. मी ढिला केलेला दोर पाण्यात लोंबत होता, तो आता खाली पंख्याला गुंडाळला गेला होता! एक माणूस एका दोराने किती नुकसान करू शकतो, याची मला त्या दिवशी मोजदाद ठेवता आली नाही.

थॉमसने रेडिओवर मदत मागितली. किनाऱ्यावरून बोट निघाली, पण पोचायला दोन तास. तोवर वाऱ्यापुढे पळत राहणं एवढंच हातात होतं. आडवे झालो तर लाटा उलटवतील. पुढचं छोटं शीड थॉमसला सांभाळावं लागणार होतं. राहिलं सुकाणू. आणि राहिलो मी.

“अंकल, पकड़ो,” थॉमस म्हणाला आणि पुढे गेला.

“मले नाई येत,” मी म्हणालो. कुणाला म्हणालो कोण जाणे. तो गेला होता.

प्रज्ञा माझ्या पायांशी तळाला पाठ टेकून पडली होती. ओठ पांढरे. डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. “बाबा, दांडा. जिधर जाना है उसके उल्टा.”

मी सुलटा दाबला. बोटीने झोका घेतला, प्रज्ञा कण्हली.

“उल्टा, बाबा.”

उलटा दाबला, जोरात. पुन्हा झोका.

“ज़ोर से नहीं. पहले से. लहर उठाए, उसके पहले.”

“मले लाट दिसत नाई ना, मागून येते!”

“देखना नहीं है. कान. दोनों कान के पीछे हवा बराबर लगनी चाहिए. एक कान में ज़्यादा लगे तो उसी तरफ़ टेढ़ी हो रही है.”

मी डोळे समोर ठेवले आणि कानांनी बोट चालवली. उजव्या कानाला वारा जास्त लागला की बारीक दाबायचं, डाव्याला लागला की बारीक सोडायचं. बोटीचा मागचा भाग हलका व्हायला लागला की समजायचं, आली. तिला दर लाटेला कळ. ती ओरडायची नाही, फक्त श्वास ओढायची, आणि त्या श्वासावरून मला कळायचं की मी चुकलो. असं किती वेळ चाललं ते घड्याळाला विचारलं नाही.

मध्येच ती म्हणाली, “बाबा, लय दुखून राहिलं.”

मराठीत. सातवीत असताना ती माझ्याशी शेवटचं मराठी वाक्य बोलली असेल. उजव्या कानाला वारा लागत होता. मी दांडा दाबला.

मदतीची बोट आली, त्यांनी दोर टाकला (मी त्याला हात लावला नाही), आम्हाला ओढून बंदरात नेलं. शर्यतीच्या निकालात आमच्या नावापुढे फक्त एक आडवी रेघ होती.

खांद्याचा सांधा, गळ्याजवळचं हाड, आणि हाताकडे जाणारी नस. ऑपरेशन तिथेच झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, नसेचं सांगता येत नाही. शोभा पहिल्या गाडीने आली. प्रज्ञानेच तिला सांगितलं, “रस्सी फिसल गई, मम्मी.” शर्यतवाल्यांच्या कागदावरही तिने उजव्या हाताने तेच लिहिलं. मी बाजूला उभा होतो. गप्प. त्या पाच मिनिटांच्या विक्रमाला मी आता आठवड्यांनी मागे टाकत होतो.

महिनाभराने तिला रायपूरला आणलं. आमच्या चौबे कॉलनीत बातमी आमच्या आधी पोचली होती आणि वाटेत फारच सुधारली होती. बापाने वादळातून पोरीला ओढून आणलं, दोन तास एकट्याने जहाज चालवलं! भाजीवाला माझ्याकडून कोथिंबिरीचे पैसे घेईना. कॉलनीच्या समितीने सत्कार ठेवला. मंडप, लाऊडस्पीकर, शाल, श्रीफळ. अध्यक्ष वर्माजी माइकवर गरजले, “समंदर की लहरों से अपनी बेटी को छीन लाने वाले पिता!” पहिल्या रांगेत प्रज्ञा गळ्यात हात बांधून बसलेली, शेजारी शोभा, नवी साडी नेसलेली.

माझ्या हातात माइक आला. मी आभाराची चार वाक्यं पाठ केली होती. तोंडातून निघालं, “वो रस्सी मैंने खोली थी.”

माइक खरखरला. वर्माजी म्हणाले, “ज़रा ज़ोर से, भाईसाहब, पीछे नहीं आया.”

आता काय करता? मी जोरात म्हणालो! “रस्सी मैंने खोली! इसने मना किया था, फिर भी खोली! इसका हाथ मेरी वजह से गया!” चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून माझा गुन्हा अख्ख्या कॉलनीत घुमला. मग मागच्या रांगेतल्या कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि एकटाच पडला म्हणून थांबला. शाल कुणी परत मागितली नाही. मी ती घडी करून वर्माजींच्या खुर्चीवर ठेवली.

घरी आल्यावर मी प्रज्ञाला म्हणालो, “तुले माहीत होतं?”

“मैंने देखा था, बाबा. दूसरा चक्कर खोलते हुए देखा था. चिल्लाने का टाइम नहीं मिला.”

“मंग सांगितलं काहून नाई कोणाले?”

“आप पर सौ लोगों का भरोसा है मिल में,” ती म्हणाली. “मेरा तो एक हाथ है.”

शोभा अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, गरम पोळी टाकायची, भाजी संपली की बरोबर पुन्हा वाढायची, आणि नजर भिंतीवर. बाराव्या दिवशी जेवताना म्हणाली, “काहून लावला हात त्या दोराले?”

“मले वाटलं, तुटन.”

“अन् तुटला असता तर काय झालं असतं?”

मी विचार केला. “जे झालं, तेच.”

“मंग तुटू द्याचा होता,” शोभा म्हणाली. “तुमच्या हातानं तरी झालं नसतं.”

सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी मी मिलमध्ये मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, नवीन पोरांना सेफ्टी दुसऱ्या कुणाला शिकवू द्या. ते म्हणाले, तुम्हीच शिकवा, आता जरा बरं शिकवाल.

अंदमानची बोट दुसऱ्या कुणाला तरी घेऊन गेली. प्रज्ञाने फोनवर त्यांचे फोटो पाहिले, मला दाखवले, या फोटोतलं कोणतं शीड कशाला वापरतात तेही सांगितलं, आणि मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं. हात हळूहळू हलायला लागला. बोटं आली, कोपर आलं. खांदा मात्र अर्ध्यावर अडला. डॉक्टर म्हणाले, एवढाच आता.

पाच महिन्यांनी ती नोकरीवर परत निघाली. निघायच्या सकाळी आरशासमोर उभी होती. लांब केस मोकळे, आणि ते मागे बांधायला दोन हात वर न्यावे लागतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतके दिवस शोभा बांधून देत होती. शोभा तेव्हाही बाजूलाच उभी होती, हातात फणी घेऊन.

“बाबा,” प्रज्ञा म्हणाली, “आप बाँध दो.”

शोभाने फणी माझ्याकडे दिली. मी सावकाश, अगदी सावकाश बांधले. तीन रबर लावले. सुटू नयेत म्हणून वरून आणखी एक लावला. डोक्यामागे खोपा झाला की वेल्डिंगची गाठ, ते मला सांगता येत नव्हतं. प्रज्ञाने आरशात या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. मग माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवून मला समजावणीच्या सुरात म्हणाली, “चलेगा, बाबा. पोर्ट में दिन भर हेलमेट ही पहनना होता है.”